कार्टून पाहणारी मोठी माणसे : एका नव्या अभ्यासाची प्रस्तावना

लहान मुलांसाठी काढलेली कार्टून मोठी माणसे मनापासून पाहतात, त्यांतल्या पात्रांना जीव लावतात आणि बहुतेक वेळा चारचौघांत त्याविषयी बोलत नाहीत. या आवडीकडे गंभीरपणे पाहावे आणि तिचा नीट अभ्यास व्हावा, म्हणून ही प्रस्तावना लिहीत आहे. वाचकाने या विषयावर आधी काही वाचलेले असावे अशी अट नाही. एखादे कार्टून त्याने मोठेपणी पुन्हा लावून पाहिले असेल, तर तेवढे भांडवल पुरेसे आहे.

मुरगूड हे कागल तालुक्यातले, वेदगंगेकाठचे नगरपरिषदेचे गाव. ऊस, दूध आणि कुस्ती हे इथल्या कट्ट्यावरचे नेहमीचे विषय. अशा गावात बसून कार्टूनचा अभ्यास कशाला, असा प्रश्न कुणीही विचारेल आणि तो रास्तही आहे. माझे उत्तर असे की हा विषय महानगरातल्या चार हौशी मंडळींपुरता नाही. घराघरात संध्याकाळी रिमोट मुलांच्या हाती असतो आणि त्याच खोलीत मोठी माणसे जेवत, निवडत, टिपत, हिशेब करत बसलेली असतात. एक अख्खी पिढी अशी कार्टूनच्या सोबतीने प्रौढ झाली आहे. तिच्या मनात काय साठले, हे विचारायला आपण अजून पुरती सुरुवातच केलेली नाही.

आधी कोणाविषयी बोलतो आहोत ते ठरवू. मुलांनी टीव्ही लावला म्हणून शेजारी बसलेला बाप किंवा आजी हा सोबतीचा प्रेक्षक. आपल्याकडे बहुतेकांची सुरुवात इथून होते. दुसरा आठवणीचा प्रेक्षक : शाळकरी वयात पाहिलेली मालिका तो पुन्हा लावतो आणि त्या वयाला भेटून येतो. तिसरा प्रेक्षक तो, ज्याला मालिका आज, स्वतःसाठी हवी असते. मुले झोपली तरी तो भाग शेवटपर्यंत पाहतो. पात्राला आवाज देणारा बदलला की त्याच्या लगेच लक्षात येते. मागचे चित्र कुठे मन लावून रंगवले आहे आणि कुठे घाईत उरकले आहे, हेही त्याला दिसते. या तिसऱ्या प्रेक्षकाला आपण चाहता म्हणू. प्रत्यक्षात एकच माणूस तिन्ही भूमिकांतून येजा करत असतो, आणि ती येजा टिपणे हे या अभ्यासाचे पहिले काम आहे.

चौथा एक प्रकार सहज सुटतो, म्हणून वेगळा सांगते. स्वयंपाकघरात भाकरी थापणाऱ्या बाईला पडदा दिसत नसतो. तिच्या कानावर फक्त आवाज पडत असतात. ‘डोरेमॉन’ मालिकेतल्या नोबिताचे रडगाणे, जियानची दमदाटी, शिनचॅनचा हेल हे सगळे तिला पाठ असते. तिने ती मालिका पाहिली म्हणायचे की नाही? मला वाटते, पाहिलीच म्हणायचे. ऐकून जुळलेल्या या नात्याला अभ्यासात मानाची जागा हवी.

कार्टून म्हणजे मुलांचे, ही समजूत फार जुनी नाही. आपल्या सिनेमाच्या आरंभापासून हालत्या चित्रांची ही करामत मोठ्यांनी मोठ्यांसाठी केली आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ थोडी थोडी टिपून तिचा छोटा चित्रपट केला, तो भांडवल देणाऱ्याला नव्या कलेची खात्री पटावी म्हणून. पुढे १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी निर्जीव काड्यांना हलते केले. १९२९ साली कोल्हापुरात उभी राहिलेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी आपण ‘संत तुकाराम’साठी ओळखतो. त्याच प्रभातच्या खात्यावर १९३० च्या दशकातला ‘जंबू काका’ हा व्यंगपटही जमा आहे. अमेरिकेत १९४० साली सुरू झालेले ‘टॉम अँड जेरी’ चित्रपटगृहात, मुख्य खेळाच्या आधी, सगळ्या वयांच्या प्रेक्षकांसमोर दाखवले जाई. त्याला सात ऑस्कर मिळाली, तीही लघुपटांच्या विभागात. १९६० च्या दशकात तिथल्या दूरचित्रवाणीने शनिवारची सकाळ मुलांना दिली, कार्टून तिथे नेऊन बसवले, आणि मग ते मुलांचेच असल्याची समजूत जगभर पक्की झाली.

शिनचॅनचे उदाहरण याहून बोलके आहे. योशितो उसुई यांनी १९९० मध्ये ही चित्रकथा सुरू केली ती जपानमधल्या मोठ्यांच्या साप्ताहिकात. पाच वर्षांच्या पोराच्या तोंडून संसाराची, नोकरीची, नवराबायकोच्या कुरबुरींची उलटतपासणी व्हायची, आणि वाचणारे संसारीच होते. भारतात ही मालिका आली ती थेट मुलांच्या वाहिनीवर. पालकांनी तक्रारी केल्या, २००८ मध्ये केंद्र सरकारने प्रसारण थांबवले आणि नंतर काटछाट होऊन ती परतली. कलाकृती तीच. ती कुठल्या वाहिनीवर, कोणत्या वेळेला लागते यावरून ती कोणाची हे ठरत गेले. म्हणून आपल्या अभ्यासात ‘मुलांचे कार्टून’ हे शब्द गृहीत धरता येत नाहीत. ते कोणी, केव्हा आणि कशासाठी मुलांचे ठरवले, हे प्रत्येक वेळी तपासावे लागते.

आपल्या परंपरेत तर मुलांच्या खेळाला वयाचे कुंपण नव्हतेच. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, लगोऱ्या, हमामा, फुगडी, टिपरी या खेळांवरचे अभंग आहेत, आणि ते प्रौढ वारकरी टाळ धरून गातात. एकनाथांच्या गौळणींत गोकुळातल्या पोराच्या खोड्या आहेत. त्या ऐकताना कोणाही वारकऱ्याला आपण वयाला न शोभणारे काही करतो आहोत असे वाटत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा सांभाळली. एकेक चित्र पुढे करायचे, वाद्याच्या साथीने रामायण-महाभारतातली गोष्ट सांगायची, आणि समोर सगळा गाव बसलेला. हालते चित्र आणि त्यामागचा आवाज यांचा आनंद आपल्याला परका नाही. या आनंदावर लाज चढली ती अलीकडे, शाळा, नोकरी आणि इभ्रत यांच्या हिशेबात.

मराठी माणसाचे या चित्रांशी जडलेले नाते पिढ्यांच्या ओळीने पाहिले तर स्पष्ट दिसते. १९७४ मध्ये फिल्म्स डिव्हिजनने काढलेला ‘एक अनेक और एकता’ विजया मुळे यांनी दिग्दर्शित केला आणि भीमसेन यांनी त्याचे रेखांकन केले. त्यातला मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. दूरदर्शनने तो इतक्या वेळा दाखवला की जाळ्यासकट उडालेल्या पाखरांची ती गोष्ट आजही पन्नाशीच्या माणसांच्या ओठांवर येते. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी ‘सकाळ’मध्ये प्रभाकर वाडेकर आणि चारुहास पंडित यांचा ‘चिंटू’ सुरू झाला. चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या ही मुले मुलांसाठीच होती. पण पेपर आधी मोठ्यांच्या हातात पडतो, त्यामुळे चिंटूचा दिवसातला पहिला वाचक बहुधा मोठाच असे. त्या वर्षी जो दहा वर्षांचा होता, तो आज चाळिशी ओलांडून गेला आहे. चिंटू अजून शाळेतच आहे.

१९९३ मध्ये रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली आला. त्याचा प्रवास अभ्यासकाने मुद्दाम पाहावा असा आहे. मूळ लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म मुंबईचा, जे. जे. कलाशाळेच्या आवारातला. मालिका जपानची, निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली. हिंदी शीर्षकगीत गुलजार यांचे, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. ती मालिका पाहताना आमच्या भागातल्या मुलांनी जपानी रेषा, उत्तरेची हिंदी आणि मराठी नटाचा दरारा एकदमच घेतला. त्यांतले काय कुठले, याचा विचार करायला मोठे व्हावे लागते. मोठेपणी तीच मालिका पुन्हा पाहण्याचे हे एक सबळ कारण आहे.

नंतर वेग वाढला. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये आले, डोरेमॉन २००५ मध्ये, हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ २००८ मध्ये, ‘मोटू पतलू’ २०१२ मध्ये. या शेवटच्या मालिकेत तर नायकच बापे आहेत. फुरफुरीनगरातल्या दोन मोठ्या माणसांच्या फजितीवर मुले हसतात. मोठ्यांना मात्र त्यात आपल्या ओळखीचे कोणीतरी दिसते. आणि २०१७ मध्ये भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे चित्रपटात आला तो तरुण होऊन, अमेय वाघच्या रूपात. पुस्तकातल्या शाळकरी फेणेला मोठे करण्याचे धाडस निर्मात्यांना झाले, कारण त्याचे वाचक मोठे झाले होते आणि त्यांनी त्याला सोडले नव्हते. मराठी निर्मितीने आपल्या प्रौढ चाहत्याची दखल घेतल्याची ही ठळक खूण आहे.

आता एका गोष्टीकडे जवळून पाहू. डोरेमॉनमधली नोबिताच्या आजीची गोष्ट पुष्कळांनी पाहिलेली असेल. नोबिताला त्याचे जुने, आजीने ठिगळ लावून शिवलेले अस्वल सापडते. आजी जाऊन बरीच वर्षे झालेली. तो टाइम मशीनमधून मागे जातो आणि तिला दुरून पाहायचे म्हणून लपून बसतो. शेवटी तो तिच्यासमोर येतो. नातवाला शाळेत जाताना पाहायला मिळाले असते तर, असे ती सहज बोलून जाते. तो धावत परत जाऊन दप्तर पाठीला लावून येतो, तिच्यापुढे उभा राहतो आणि मीच मोठा झालेला नोबिता असे सांगतो. आजी शंका घेत नाही. मग ती म्हणते की आता नातसून पाहावी असे वाटते.

सात वर्षांच्या मुलाला यात टाइम मशीन दिसते आणि शेवटच्या वाक्याला हसू येते. पस्तिशीच्या माणसाला वेगळेच दिसते. माणूस गेल्यावर त्याला दाखवायचे राहून गेलेले दप्तर, नोकरीचे पत्र, बांधलेले घर, ही यादी ज्याच्या त्याच्या मनात तयार असते. शिवलेले अस्वल पाहून आमच्याकडच्या माणसाला आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ आठवते. गोष्ट तीच, चौकटी त्याच. पाहणारा बदलला आणि गोष्टीचा दुसरा अर्धा भाग उघडला. हा अर्धा भाग मुलांसाठीच्या गोष्टीत आधीपासून होता, कारण ती लिहिणारा माणूस मोठा होता आणि त्याने स्वतःचे दुःख प्रामाणिकपणे त्यात घातले होते. माझे या अभ्यासाविषयीचे मुख्य म्हणणे इथे आहे. चांगले बालकार्टून दोन वेळा पाहण्यासाठी घडलेले असते, आणि प्रौढ चाहता दुसऱ्या वेळचा हक्काचा प्रेक्षक असतो. तो बालपणात अडकलेला नाही. आयुष्य जगून आल्याशिवाय जे दिसत नाही, ते पाहायला तो परत आलेला आहे.

दुसरी गोष्ट पडद्याबाहेरची. कोणत्याही गावातल्या अंगणवाडीच्या भिंतीपुढे उभे राहा. छोटा भीम, डोरेमॉन, मिकी माउस तिथे ऑइल पेंटमध्ये रंगवलेले असतात. ते काढणारा पेंटर प्रौढ असतो, दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा. डोरेमॉनच्या हाताला बोटे नसतात, गळ्यातल्या पट्ट्याला पिवळी घंटा असते, पोटावर अर्धगोल खिसा असतो, डोळे एकमेकांना चिकटलेले असतात. हे तपशील त्याने कुठून उचलले, काय तंतोतंत ठेवले आणि काय आपल्या हाताच्या वळणाने बदलले, हे पाहिले की त्या पेंटरचे पाहणे कळते. भीमाचे दंड त्याने आखाड्यात पाहिलेल्या पैलवानाच्या वळणावर नेले असतील, तर ती चूक समजू नये. ते भाष्य आहे. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळलेल्या बाबूराव पेंटरांच्या जिल्ह्यात तरी भिंतीवरच्या चित्राला कमी लेखू नये. या भिंती दर काही वर्षांनी पुन्हा रंगतात आणि जुनी चित्रे पुसली जातात. त्यांचे फोटो, सालासह आणि गावासह, जमवणे हे कोणाही विद्यार्थ्याला आजपासून करता येण्यासारखे काम आहे.

बाहेरच्या जगात या अभ्यासाची वाट थोडी तयार झाली आहे. हेन्री जेन्किन्स यांचे ‘टेक्श्चुअल पोचर्स’ हे पुस्तक १९९२ मध्ये आले. चाहते नुसते घेत नाहीत, हाती आलेल्या गोष्टीतून ते स्वतःची गोष्ट रचतात, हे त्यांनी दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांवरून दाखवले. २०१० मध्ये अमेरिकेत लॉरेन फॉस्ट यांनी लहान मुलींच्या खेळण्यांवरून ‘माय लिटिल पोनी’ची नवी मालिका घडवली, आणि प्रौढ पुरुषांचा मोठा गट तिचा चाहता झाला. त्यांनी गाणी रचली, चित्रे काढली, संमेलने भरवली. त्यांचे मोठे संमेलन २०११ ते २०१९ भरत राहिले. त्यांची टिंगलही खूप झाली. त्या टिंगलीतून अभ्यासकांच्या लक्षात आले की प्रश्न वयापुरता नाही. पुरुषाने मऊपणा, मैत्री, दया यांवरची गोष्ट उघडपणे आवडून घ्यावी की नाही, असा तो प्रश्न होता. तालमीच्या मुलखात हा प्रश्न आपल्यालाही विचारावा लागेल. कष्टाचे, दमाचे, इरेचे कौतुक आपल्याकडे भरपूर होते. दिवसभर मेहनत करून आलेल्या गड्याला संध्याकाळी नोबिताची कणव येत असेल, तर ती बोलून दाखवायला त्याच्याकडे जागा कुठे आहे?

मानसशास्त्राकडूनही एक आधार मिळतो. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने मुलाच्या चिंधीचा, बाहुलीचा अभ्यास करताना आत आणि बाहेर यांच्या मधल्या एका जागेची कल्पना मांडली. १९७१ च्या ‘प्लेइंग अँड रिॲलिटी’मध्ये त्याने ही खेळाची जागा मोठेपणी कला आणि संस्कृतीत चालू राहते असे म्हटले. खेळणे थांबणे ही त्याच्या लेखी प्रौढपणाची खूण नव्हती.

तरीही नव्या अभ्यासकाने तीन गोष्टी जपाव्यात. पहिली : या जगाचे पहिले मालक मुले आहेत. मोठ्या चाहत्यांच्या मागणीपायी मालिका अवघड, कडवट किंवा उग्र होऊ लागली, किंवा मुलांच्या मेळाव्यात मोठ्यांचीच गर्दी झाली, तर ते मुलांवर अतिक्रमण ठरते. चाहत्याचा हक्क दुसऱ्या रांगेतला आहे आणि चांगला चाहता तो आनंदाने मान्य करतो. दुसरी : आठवण हा मोठा धंदा आहे. जुन्या पात्रांचे टीशर्ट, मग, नव्याने काढलेले चित्रपट यांतून प्रेमही दिसते आणि बाजारही. दोन्ही नोंदवावेत, एकाच्या नादात दुसरे झाकू नये. तिसरी : कोणाच्याही आवडीला आजार ठरवू नये आणि कोणाच्या एकाकीपणावर आवडीचे पांघरूण घालू नये. समोरचा माणूस काय सांगतो ते आधी पूर्ण ऐकावे.

साधने जवळच आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. १९५२ मध्ये मराठीत सुरू झालेल्या ‘चांदोबा’चे गठ्ठे पुष्कळ घरांच्या माळ्यावर आणि गावोगावच्या वाचनालयांत सापडतील. त्यांच्या मागच्या पिढीच्या मालकांना गाठा आणि विचारा की हे अंक का जपले. घरातल्या तीन पिढ्यांना एकच भाग एकत्र दाखवा आणि प्रत्येकाला वेगवेगळे विचारा : कुठे हसू आले, कुठे बोलणे थांबले, कोणाची बाजू घ्यावीशी वाटली. मराठी घरातली मुले डोरेमॉनमधून हिंदी कशी शिकली आणि त्यांच्यासोबत आजीही कशी शिकली, हे लिहून ठेवा. पाळी संपवून एमआयडीसीतून परतणारा तरुण मोबाइलवर कोणता जुना भाग पुन्हा पुन्हा लावतो, ते त्याच्याच शब्दांत टिपा. उत्तरे कोल्हापुरी बोलीत येतील. ती बोली दुरुस्त करू नका, कारण प्रमाणभाषेत आणताना माणसे सर्वांत आधी आपले प्रेम गाळून टाकतात.

सिद्धांत पुढे येतील. आज नोंदींची निकड आहे, कारण मोगलीच्या पिढीची आजी-आजोबा मंडळी, जी त्या रविवारच्या सकाळी मागे खुर्चीत बसून हे सारे पाहत होती, ती आता थकली आहेत. त्यांनी काय पाहिले हे कोणी विचारले नाही. ज्याला हा विषय जवळचा वाटतो त्याने आपल्या घरातल्या सर्वांत मोठ्या माणसापासून सुरुवात करावी. पहिली नोंद झाली की या अभ्यासाला आणखी एक अभ्यासक मिळाला असे समजावे. त्याचे इथे मनापासून स्वागत आहे.

मुरगूड, जि. कोल्हापूर